विहीणबाई आधी गच्ची बघतात

१६ फेब्रुवारी

काल शिवरात्र झाली आणि आज पहाटे रजई अंगावर नकोशी झाली. मोहोळला वसंत वगैरे ऋतू फारसा थांबत नाही. थंडी उतरते आणि त्याच दारातून उन्हाळा चढतो. अंगणभर लिंबाची पानं पडली आहेत. कडब्याच्या ट्रॉल्यांनी बाहेरचा रस्ता अडवून ठेवला आहे, आणि ज्यांची ज्वारी मळून झाली ते लोक चहाच्या टपरीवर उगाचच खुशीत दिसतात.

मी खुशीत नाही. सकाळी केमहून विहीणबाईंचा फोन आला. अपेक्षाला सातवा लागला. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "मग पोरीला न्यायला कधी येऊ?" पहिलं बाळंतपण माहेरी, यात खरं तर विचारायचंही काही नसतं. पण विहीणबाई, म्हणजे मुक्ताबाई, म्हणाल्या, "कुटं न्हेताय, इवाई? घरात बाईमाणूस न्हाय. तुमी एकटे. पोरीला ऊनऊन भात कोन वाढनार, बाळाला तेल कोन लावनार? ऱ्हाऊ द्या की हितंच."

मी म्हणालो, मी बसस्थानकात कंट्रोलर म्हणून अख्खी नोकरी काढली, जत्रेच्या दिवसांत एकामागून एक जादा गाड्या मार्गी लावल्या, मला एक बाळंतीण मार्गी लावता येणार नाही का? त्यावर त्या म्हणाल्या, "बाळंतीन म्हंजे यश्टी न्हवं." आणि वर म्हणाल्या, "औंदा तुमच्या गच्चीवर एक तरी कुरडई पडनार हाय का?"

ही बाई घर पारखते ते गच्चीवरून. अपेक्षाला बघायला आल्या तेव्हा पोहे बाजूला ठेवून आधी जिना चढल्या होत्या. वर अपेक्षाच्या आईनं कुरडया, पापड, सांडगे, सगळं उन्हात मांडलेलं होतं. खाली येऊन म्हणाल्या, "पोरगी पसंत." पोरगी तोवर चहा घेऊन बाहेरसुद्धा आली नव्हती.

ही गेली त्याला चैत्रात वर्ष होईल. गच्चीवर आता फक्त माझा बनियन वाळतो. म्हणजे मुद्दा गच्चीचा आहे. गच्ची भरली की विहीणबाईंचं तोंड बंद, आणि पोरगी घरी. झालं तर मग.

१९ फेब्रुवारी

अपेक्षाला फोन करून सांगितलं की मी कुरडया घालणार आहे. ती इतकी हसली की मला काळजी वाटली. या दिवसांत एवढं हसणं बरं नव्हे. म्हणाली, "नाना, तुमचा चहा तरी उतू न जाता होतो का?" मी विषय बदलला.

तिकडचे हाल ऐकून वाईट वाटलं. जावई दिग्विजयराव चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा येतात. बाकी घरात या दोघीच. अपेक्षा सासूला आत्याबाई म्हणते. सांगत होती, आत्याबाई रात्री माझ्याच खोलीत खाट टाकतात, मी डॉक्टरकडे गेले तर परत येईपर्यंत दारात उभ्या असतात, टीव्ही बघताना माझा हात धरून बसतात. म्हणजे पोरीवर चोवीस तास पाळत आहे! मी तिला धीर दिला. म्हटलं, थोडे दिवस सोस, बाप येतोय.

२३ फेब्रुवारी

कामाला लागलो. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, मग वाटून त्याचा चीक काढायचा, चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर पाडायचा, एवढी माहिती मला होती. गल्लीतल्या बायका दोन-तीन किलो घालतात. मी दहा किलो आणला. एवढी खटपट करायची आणि गाडी अर्धी रिकामी पळवायची, हे मला पटत नाही.

दोन पिंपांत गहू भिजवला आणि फाटकाला पाटी अडकवली. अपेक्षाच्या शाळेतली जुनी पाटी आहे. खडूनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कुरडई. गुरुवार, सकाळी सहा. माझी गच्ची. सर्व भगिनींनी वेळेवर उपस्थित राहावे.'

शेजारच्या रत्नम्मा पाटी वाचत बराच वेळ उभ्या होत्या. अक्कलकोटकडच्या आहेत, कानडी बोलता बोलता मराठीत येतात. म्हणाल्या, "काय री साहेब, कुटं जानार ही गाडी?" मी म्हणालो, वेळेवर या म्हणजे कळेल. त्या पदर तोंडाला लावून घरात गेल्या. बहुधा कौतुकानं.

२६ फेब्रुवारी

कोणी आलं नाही.

पहाटेच उठून गच्ची झाडली, पाणी मारलं, सतरंजी टाकली. सहा वाजून गेले. सूर्य वर आला. समोरच्या गच्चीवर बायकांचा घोळका जमला होता, हसणं-खिदळणं चाललं होतं, कुरडया पडत होत्या. माझ्या फाटकाकडं कोणी बघितलंही नाही.

दुपारी पिंपाचं झाकण काढलं. पाणी रोज बदलायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा. वास असा सुटला की पलीकडच्या गल्लीतली माणसं गटार कुठं फुटलं ते शोधत आमच्या दारापर्यंत आली. शेवटी सगळा गहू बजाबाईंच्या शेळ्यांना घातला. शेळ्यांनी मात्र आनंदानं खाल्ला.

बजाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. शेळ्यांच्या मागं उभी राहून मला म्हणाली, "कंट्रोलर, औंदा कुनाच्या घरी हात लावलासा?"

"कसला हात?"

"आज मी तुझ्या दारात राबायचं, उद्या तू माझ्या दारात. वारंगुळा म्हंत्यात त्याला. ज्यानं कुनाचा वार क्येला न्हाय, त्याच्या घरी कोन यील? पाटी लावून बाया येत न्हाईत."

तर असं आहे. आमच्या घरातली उन्हाळ्याची कामं एवढी वर्षं अशी होत होती. मला वाटायचं, ही शेजारी गप्पा मारायला जाते.

१ मार्च

बजाबाईंच्या घरी पहिला वार. सगळ्या बायकांत मी एकटा पुरुष. मी गेलो तेव्हा सगळ्या गप्प झाल्या, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

मी सुरुवातीलाच सुचवलं की कामाची नीट वाटणी करू. चीक शिजवणाऱ्या एकीकडे, सोऱ्या दाबणाऱ्या दुसरीकडे, आणि मधली ने-आण माझ्या शिट्टीवर. शिट्टी मी घेऊनच गेलो होतो. बजाबाईनं ती माझ्या हातातून घेतली आणि नातवाला खेळायला दिली. मला काठी दिली. गच्चीच्या कोपऱ्यात सावलीला बसून कावळे हाकायचे. हे काम एरवी पोरांना किंवा ज्यांना काही येत नाही अशा म्हाताऱ्यांना देतात.

मी ते काम गंभीरपणे केलं. फक्त मध्ये जरा डोळा लागला आणि तेवढ्यात एक कावळा कुरडई घेऊन गेला. बजाबाई म्हणाली, "कावळ्याचा बी वार धरायचा का आता?" सगळ्या हसल्या. मला वाटतं, मीही हसलो.

३ मार्च

धुळवड. पुरणपोळीची ताटं आली. एक रत्नम्मांकडून, एक बजाबाईकडून, एक समोरच्या रेश्माकडून. मागच्या होळीला ही होती. घरातच पोळ्या झाल्या होत्या. यंदा तीन घरच्या पोळ्या खाऊन दुपारी झोपलो. मी एक वार केला त्याचा एवढा मान राखतात, हे मला आवडलं. गल्ली कृतज्ञ आहे.

५ मार्च

रत्नम्मांच्या घरी वार. आज मला आधणाच्या पाण्यात चीक ओतायचं काम दिलं. मी सगळा एकदम ओतला. वेळ वाचावा म्हणून. पाच मिनिटांत पातेल्यात लिंबाएवढ्या गाठी झाल्या. रत्नम्मांनी डोळे मिटून काहीतरी कानडीत म्हटलं, मग मराठीत म्हणाल्या, "अय्यो साहेब, याची कुरडई व्हत न्हाय. याची भजी तळा." गाठी फोडता फोडता तासभर गेला. त्यांनी मला घरी पाठवलं नाही. दुसरं पातेलं चढवलं, माझ्या हातात लाकडी दांडा दिला आणि शेजारी उभ्या राहिल्या. धार बारीक, हात सारखा फिरता, मध्ये थांबायचं नाही. चीक हळूहळू घट्ट होत जातो आणि एकदम चकाकायला लागतो. तो चकाकला तेव्हा मी ओरडलोच. रत्नम्मा म्हणाल्या, "व्हय, व्हय, दिसलं मला बी."

घरी येताना वाटीत चीक दिला, वर दूध आणि गूळ. मी तो फाटकाशीच उभ्यानं खाल्ला.

८ मार्च

रंगपंचमी आणि रेश्माकडं वार, दोन्ही एकदमच आलं. रेश्मा शिलाईकाम करते, लग्नसराईच्या ब्लाऊजांनी तिचं घर भरलं आहे, दुसरा दिवस मिळेना. म्हणून पहाटेच सुरुवात केली. तरी पोरं आलीच. माझ्या हातात दांडा, चीक ऐन शिजण्यावर. पोरांनी डोक्यावर हिरवी बादली ओतली. मी हात थांबवला नाही. मग लाल ओतली. मी हात थांबवला नाही. पातेल्यावर पाठ आडवी धरली आणि ढवळत राहिलो. चिकात एक थेंबही पडला नाही.

पोरं गेल्यावर बजाबाई पातेल्याजवळ आली, दांडा उचलून धार बघितली आणि म्हणाली, "हात बरा हाय."

खात्याकडून मला सेवा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं, साहेबांच्या सहीचं. ते कुठं आहे आता आठवत नाही.

१२ मार्च

अजून दोन घरी वार झाले. आता मी पातेल्यावरच असतो. काठी एका सातवीतल्या पोराकडं गेली. सगळ्या विचारतात, तुमच्याकडचा पितळी सोऱ्या कुठं आहे? ही तो सगळीकडं घेऊन जायची म्हणे, गल्लीत त्याच्यासारखी जाळी दुसरी नाही.

आज माळ्यावरून काढला. जुन्या साडीत गुंडाळलेला होता. उघडला तर जाळीच्या भोकांत चीक वाळून बसलेला. गेल्या वर्षीचा. कुणाच्या तरी घरून आली असेल, थकली असेल, उद्या धुऊ म्हणून ठेवला असेल. आणि मग दवाखाना सुरू झाला.

मी चिंच लावून घासायला बसलो आणि नुसता बसूनच राहिलो. मला ती फार हवी होती आज. एवढंच विचारायचं होतं की गं, चिकात मीठ कधी घालतेस, आधी की नंतर. मग सुई घेऊन एकेक भोक मोकळं केलं. संध्याकाळ झाली.

१४ मार्च

माझ्या घरचा वार ठरला. पाडव्यानंतर दोन दिवसांनी. गहू दोन किलोच भिजवायचा, अशी बजाबाईची सक्त ताकीद आहे. पाणी कधी बदलायचं ते रत्नम्मा भिंतीपलीकडून ओरडून सांगणार आहेत.

अपेक्षाला सगळं सविस्तर सांगितलं. तिनं ते सासूबाईंना सांगितलं असणार, कारण मागून आवाज आला, "दिस कंचा ठरलाय, इचार." मी मुद्दाम खोट्या नम्रपणानं तारीख सांगितली. मागून पुढं काही आवाज आला नाही. बसली असेल चपराक.

१९ मार्च

पाडवा. गुढी एकट्यानं उभारता येत नाही. काठीला साडी बांधून ती सरळ धरायला एक माणूस लागतं आणि खालची दोरी आवळायला दुसरं. रेश्मा येऊन धरून गेली. लिंबाचा पाला आणि गूळ खाल्ला. संध्याकाळी गहू भिजवून पाच वेळा बघून आलो. नंतर लक्षात आलं, आज भिजवला तर परवा कसा तयार होणार. रत्नम्मा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "घाबरू नका री. मी कालच भिजवलाय माझ्याकडं. तुमचा तो शेळ्यांना घाला."

शेळ्या आता मला बघून ओरडतात.

२१ मार्च

आज जे झालं ते लिहितो. हात अजून दुखतोय.

सकाळी सगळ्या आल्या. खरंच आल्या. बजाबाई जिना चढताना मध्ये दोनदा बसली, पण आली. गच्चीवर तीन विटांची चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं. रेश्मा चीक ओतत होती, मी ढवळत होतो. धार चालू असतानाच खालची एक वीट सरकली आणि पातेलं कलंडायला लागलं. तेवढ्यात जिन्याच्या दारात एक बाई पिशवी घेऊन उभी असलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. गल्लीतलीच कोणी उशिरा आलेली, असं वाटून मी बसस्थानकातल्या आवाजात ओरडलो, "बघत काय उभ्या राहिलात? फडकं घ्या! पातेलं धरा!"

तिनं पिशवी टाकली, पदरानंच पातेलं धरलं, पायानं वीट आत सारली. मी मान वर केली. विहीणबाई!

केमहून सकाळच्या पॅसेंजरनं, न कळवता. मुलीच्या सासूला घरात पाऊल टाकताच फडकं घ्या म्हणून ओरडणारा बाप मोहोळ तालुक्यात पहिला मीच असेन. पण हात सोडता येईना. सोडला असता तर गाठी झाल्या असत्या. ढवळत ढवळतच मी वाकून म्हणालो, "नमस्कार." त्या म्हणाल्या, "आदी ढवळा. नमस्कार पळून जात न्हाय."

मग त्या सोऱ्याशी बसल्या. तिथं बजाबाई बसलेली होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "जरा सरका की." बजाबाई म्हणाली, "आमच्यात कुरडई बारीक पाडत्यात." विहीणबाई म्हणाल्या, "आमच्यात बारीक बी पाडत्यात आन् गोल बी." पुढं तासभर दोघी आळीपाळीनं पाडत होत्या आणि कुणीच मागं हटेना. गच्ची भरून गेली. पाय ठेवायला जागा राहिली नाही.

काम संपल्यावर सगळ्या चीक खायला बसल्या. तेव्हा रत्नम्मा म्हणाल्या, "साहेब, आता सांगते. तुमाला वार फेडत फिरायची गरज न्हवती. मागल्या साली तुमची हिरा आमच्या समद्यांच्या घरी राबली. आन् तिच्या घरची पाळी आली तवा ती दवाखान्यात. तिचा वार आमच्यावर राहिलाच हुता."

मी म्हणालो, "मग हे आधी का नाही सांगितलं? दहा किलो गहू शेळ्यांनी खाल्ला!"

बजाबाई म्हणाली, "सांगितलं आस्तं तर आमी आलो आस्तो, कुरडया घालून ग्येलो आस्तो. आन् तुमी परत दार लावून बसला आस्ता."

चष्म्यावर वाफ आली होती. पातेलं गार झालेलं होतं, तरी आली.

विहीणबाईंनी हे सगळं ऐकलं. मग त्या गच्चीवर कडेकडेनं चालून प्रत्येक कुरडई बघत फिरल्या. खाली येऊन स्वयंपाकघर बघितलं. अपेक्षाची खोली बघितली. दारात उभं राहून विचारलं, "हितं दोन खाटा बसत्यात का?" मी म्हणालो, "दोन कशाला? बाळ आईजवळच झोपणार." त्यांनी पिशवी उचलली. दुपारच्या गाडीनं परत गेल्या. पोरीला पाठवते, एवढं एक वाक्य बोलल्या नाहीत.

मी ओरडलो तिथंच सगळं बिघडलं. गच्ची भरलेली आहे आणि माझे हात रिकामे. असा राग आला स्वतःचा.

२३ मार्च

विहीणबाईंचा फोन. रामराम नाही, खुशाली नाही. "इवाई, मी तुमच्या गच्चीवर दिसभर राबले. माजा वार कवा फेडताय?"

व्याह्यांच्या घरी पाणी पितानाही दहा वेळा विचार करणारे आम्ही, आणि विहिणीचा वार अंगावर घेऊन बसलो! म्हणालो, "तुम्ही म्हणाल तेव्हा." त्या म्हणाल्या, "परवा गहू भिजत घालते, शुक्रवारी या. समद्यांना घिऊन या. ती म्हातारी बी. फिटल्याबिगर पोरगी हलनार न्हाय."

फोन ठेवल्यावर मला त्यातलं शेवटचं वाक्य समजायला थोडा वेळ लागला. फिटल्याबिगर हलणार नाही. म्हणजे फिटल्यावर हलणार!

धावत भिंतीपाशी गेलो. रत्नम्मा म्हणाल्या, "माहिती हाय, माहिती हाय. अपेक्षानं मला सकाळीच सांगितलंय." या गल्लीत मला बातमी नेहमी शेवटच्या स्टॉपवर मिळते. पण तीन दिवसांचा गहू दोनच दिवस भिजणार, हे मी बोललो तर रत्नम्मा म्हणाल्या, "त्या बाईनं तुमाला फोन करायच्या आदीच भिजवला आसंल. काय कळत न्हाय तुमाला."

२७ मार्च

आज केमला जाऊन आलो. मी, रत्नम्मा, रेश्मा आणि बजाबाई. पॅसेंजरनं गेलो. मी आयुष्यभर रेल्वेला आमचे प्रवासी पळवणारी बया मानत आलो, पण खिडकीतून वारा चांगला येतो हे कबूल करावं लागेल. माढ्याच्या अलीकडं पळस पेटल्यासारखा फुलला होता. बजाबाई सगळ्या डब्याला सांगत होती, "आमचे कंट्रोलर कुरडई घालाया चालल्यात, इनीच्या घरी."

विहीणबाईंचं घर मोठं आहे. चार खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. सोप्यात टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि त्याच्यासमोर कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात ताटाळ्यात ताटं पुष्कळ, वापरातली दोनच.

अपेक्षा दारातच उभी होती. पोट आलेलं, चेहरा भरलेला, केसात अबोली. हुबेहूब तिच्या आईसारखी दिसली. मी तिला जवळ घेतलं आणि काही बोलता येईना म्हणून म्हणालो, "गाडी वेळेवर होती." ती म्हणाली, "हो नाना."

वार फेडला. मी ढवळलं, बजाबाई आणि विहीणबाई पुन्हा सोऱ्यावरून भांडल्या, आणि दुपारपर्यंत विहीणबाईंची गच्चीही भरली. बजाबाई म्हणाली, "या वाळल्यावर काढनार कोन?" शेजारीण म्हणाली, मी काढून ठेवते, मुक्ताबाईंनी सांगितलंय. मला हे चमत्कारिक वाटलं. घरधनीण असताना शेजारणीनं का काढायच्या? पण निघायची घाई होती.

सामान बाहेर आलं. एक बॅग, दुसरी बॅग, लोणच्याची बरणी, डिंकाच्या लाडवांचा डबा, तेलाचा कॅन, एक उशी. मी अपेक्षाला म्हणालो, "केवढं सामान गं तुझं!" ती फक्त हसली. विहीणबाईंनी मागचं दार लावलं, टीव्ही बंद केला, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारणीकडं दिली. स्टेशनपर्यंत पोचवायला येताना एवढी खबरदारी घेणारी बाई! मला कौतुक वाटलं.

गाडी आली. आधी अपेक्षाला चढवलं, मग बजाबाईला ढकललं, मग सामान. मी खिडकीपाशी बसलो आणि बघतो तर विहीणबाई समोरच्या बाकावर, मांडीवर उशी घेऊन.

"विहीणबाई, उतरा. गाडी सुटेल."

"सुटू द्या की."

"अहो, सुटली म्हणजे कुर्डुवाडीपर्यंत थांबणार नाही!"

"मोहोळला थांबती न्हवं? मग झालं."

गाडी हलली. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. अपेक्षा बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. रत्नम्मा, रेश्मा, बजाबाई, एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे सगळ्या गाडीला माहीत होतं.

केमच्या स्टेशनवरचा शेवटचा दिवा मागं गेला. विहीणबाई उशीचं टोक मुडपत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमच्या पोरीला काय कमी पडनार न्हवतं तिकडं, ठाऊक हाय मला. गच्ची-बिच्ची मी उगंच म्हनत हुते. पर ती ग्येली की मागं मी एकटी. दिस जातो कसा बी, पर घर लई मोठं वाटतं हो, इवाई. दिवा लावला की आनि मोठं हुतं."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. वर्षभरात मी हे कोणाला बोललो नव्हतो. अपेक्षालाही नाही.

अपेक्षानं बाहेर बघणं थांबवलं. मला वाटलं आता विहीणबाई रडतात की काय, आणि त्या रडल्या तर माझंही काही खरं नव्हतं. पण त्यांनी उशी काखेत मारली आणि उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ठाऊक हाय न्हवं? मग खिडकी सोडा. मला गाडी लागती."

सोडली. त्यांच्या जागेवर बजाबाईनं पाय पसरले, मी मोहोळपर्यंत उभ्यानं आलो.